शाळेतली हाऊजी: "बाई, मधली सुट्टी तीनदा लिहिली तर काय झालं?"

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. माणदेशातलं गाव. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे, पट २४. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि २०२४ च्या मार्चमध्ये 'आनंददायी शनिवार'चा शासन निर्णय आल्यापासून दर शुक्रवारी रात्री मी "उद्या काय?" म्हणून छताकडे बघत पडते. कागदकाम झालं, मातीकाम झालं, गोष्टी झाल्या. या वेळी म्हटलं हाऊजी खेळू, पण आकड्यांची नको, शब्दांची. शाळेतल्याच शब्दांची.

शब्द मुलांनीच सांगायचे, मी फळ्यावर लिहायचे. असे बारा जमले: फळा, खडू, डस्टर, घंटा, परिपाठ, हजेरी, खिचडी, दप्तर, मधली सुट्टी, गृहपाठ, प्रगतीपुस्तक आणि छडी. (छडी कोणी सांगितली ते मला दिसलं नाही. मागच्या रांगेतून आवाज आला एवढंच.) वहीच्या पानावर पट्टीने तीन बाय तीनची चौकट आखायची, बारातले आवडतील ते नऊ शब्द त्यात भरायचे. बारा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. शब्द निघाला की त्या घरावर चिंचोका ठेवायचा. चिंचोक्यांना तोटा नाही, शाळेच्या मागेच झाड आहे. नऊ घरं भरली की ओरडायचं "फुल!"

चौकटी आखण्यातच अर्धा तास गेला. कोणाची घरं लांबट, कोणाची एवढी बारीक की 'प्रगतीपुस्तक' तीन ओळींत मोडून लिहावं लागलं. तो अर्धा तास मला आवडला, खरं सांगते. एरवी पाच ओळी शुद्धलेखन म्हटलं की पोट दुखणारी पोरं शेजाऱ्याला विचारत होती, "परिपाठला पहिली वेलांटी का दुसरी?"

मग खेळ. दहावा शब्द निघाला आणि चौथीतला एक जण उभा राहून ओरडला, "बाई, फुल!" बघायला गेले तर पठ्ठ्याने 'मधली सुट्टी' तीन घरांत लिहिलेली. म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "ती तर रोज येतीच की, बाई."

वर्गात एकच गोंधळ. "अंची! अंची खेळतोय!" (अंची म्हणजे खेळातली लबाडी.) मी त्याला बाद केलं. तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंच नव्हतं एक शब्द एकदाच म्हणून." आणि खरंच मी सांगितलं नव्हतं. तरी माझ्यातली बाई जागी झाली आणि मी "बस खाली" म्हणाले. पुढच्या शब्दाला एकदम पाच जण "फुल!" माझ्याकडे बक्षिसाच्या पेन्सिली तीन. बाराव्या शब्दाला अख्खा वर्ग फुल, कारण शब्दच संपले! तिसरीतली एक मुलगी शेवटी फुल झालं म्हणून रडली, दोघं चिंचोक्यांवरून भांडले, आणि माझा सुट्टीवाला खिडकीकडे तोंड करून बसला तो घंटा होईपर्यंत.

तर प्रश्न असे. एकाच वेळी इतके जण फुल होतात ते कसं टाळायचं? तिसरीतल्या चौघांना अजून नीट वाचता येत नाही, त्यांचं काय करायचं? आणि तिसरा, जो मला रविवारभर छळतोय: तो मुलगा अंची खेळला का?

---

उडाणटप्पू_७

मी असतो तर नऊच्या नऊ घरांत मधली सुट्टी लिहिली असती. पोरगं सज्जन आहे हो.

बाकी लेख झक्कास. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा)

---

जुनी_घंटा

चाळीस वर्षं मास्तरकी करून बसलो आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. हाऊजी हा क्लबात आणि लग्नाच्या आदल्या रात्री खेळायचा प्रकार. शाळेत चिठ्ठ्या काढून बक्षीस वाटणं मला पटत नाही. उद्या एखादा पालक "शाळेत जुगार शिकवतात" म्हणून अर्ज घेऊन आला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आमच्या एका शाळेत साध्या गणपतीच्या सोडतीवरून असा अर्ज आला होता.

दुसरं, छडी हा शब्द फळ्यावर लिहायलाच नको होता. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षेला बंदी आहे.

---

पाटीपेन्सिल

सर, पैसे नाहीत, तिकीट नाही, हरलेल्याचं काहीच जात नाही. मग जुगार कसा? पण तुमचा इशारा ध्यानात घेतला. पुढच्या वेळी मुख्याध्यापकांच्या कानावर घालूनच खेळेन.

छडीबद्दल काय सांगू. मी म्हटलं, "आपल्या शाळेत छडी नाहीये." तर तिसरीतली एक म्हणाली, "आहे की. कपाटाच्या मागं." बघितलं तर खरंच होती. माझ्या आधीच्या कोणाची तरी. जळमटं लागलेली. आता ती नकाशा दाखवायला वापरते.

---

डबा_विसरला

पालक म्हणून लिहितोय. माझ्या मुलीच्या वर्गात (शहरातली शाळा, नाव नको) वाढदिवसाला एकाने रिटर्न गिफ्टसकट हाऊजी ठेवली होती. पहिलं बक्षीस रिमोटची गाडी! मुलगी हरली आणि आठवडाभर तेच. तेव्हा बक्षीस पेन्सिलीच्या वर जाऊ देऊ नका. खरं तर पेन्सिलही नको. फळ्यावर नाव लिहा, पुरे.

---

गणोबा

पाटीपेन्सिल, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या डब्यात आहे. चिठ्ठ्या कमी पडल्या.

बारा शब्दांतून नऊ निवडायचे म्हणजे प्रत्येकाने फक्त तीन शब्द सोडायचे. असे वेगवेगळे संच होतात मोजून २२०. आता अकरा शब्द निघून गेले, डब्यात एकच चिठ्ठी उरली. एखादं मूल फुल केव्हा? उरलेला शब्द त्याने सोडलेल्या तीनपैकी असेल तेव्हा. म्हणजे बारात तीन, पाव. २४ चे पाव सहा. तुमच्याकडे अकराव्या शब्दापर्यंत किती झाले? सुट्टीवाला धरून सहा! (हा योगायोग आहे, दर वेळी बरोबर सहा येणार नाहीत. पण दिशा तीच.) दहाव्या शब्दाला मात्र शक्यता २२ त १, म्हणजे वर्गात जेमतेम एक मूल. एक, मग एकदम पाच, मग सगळे. म्हणून दंगा.

आता शब्द वीस करा, घरं नऊच ठेवा. संच होतात १,६७,९६०. पंधराव्या शब्दाला फुल असण्याची शक्यता साधारण ३ टक्के, सोळाव्याला ७ च्या आत. २४ मुलांत पहिला "फुल" पंधराव्या-सोळाव्याच्या आसपास येईल आणि सतराव्यापर्यंत दर शब्दाला बहुधा एक-दोघांचीच भर पडेल. तीन पेन्सिली पुरतील.

आता सुट्टीवाला. तीन घरांत एकच शब्द, म्हणजे त्याच्याकडे वेगळे शब्द सातच. दहा शब्द निघाले तेव्हा डब्यात दोन उरले. ते दोन्ही त्याने सोडलेल्या पाचांपैकी असण्याची शक्यता ६६ त १०. बाकीच्यांची ६६ त ३. तिपटीहून जास्त! चौथीतल्या मुलाला हे गणित करता येत नाही, पण वास आला त्याला. उडाणटप्पूंची युक्ती तर याहून भारी: नऊ घरांत एकच शब्द असेल तर पहिल्या नऊ चिठ्ठ्यांतच तो निघण्याची शक्यता पाऊण.

माझं मत: अंची नाही. नियमात भोक होतं, त्याला ते दिसलं.

---

जुनी_घंटा

गणोबा, हिशेब मान्य. निष्कर्ष अमान्य. इतर तेवीस जणांना न सांगता समजलं की नऊ शब्द म्हणजे नऊ वेगळे शब्द. ते यालाही समजलं होतं, म्हणून तर "रोज येतीच की" हे उत्तर तयार होतं.

---

उडाणटप्पू_७

घंटा विरुद्ध गणोबा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हलकेच घ्या.)

---

मांडवीकाठ

आम्ही याला तांबोला म्हणतो. गोव्यात फेस्त असो, लग्न असो, क्लबाची रात्र असो, तांबोला नाही तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. शब्द इटालियन 'टोम्बोला'चा. तिकडे नेपल्समध्ये नाताळात घरोघर खेळतात.

खेळ रंगतो तो आकडे पुकारणाऱ्यावर. नुसतं "अकरा" म्हणणारा माणूस आमच्याकडे दुसऱ्यांदा माइकजवळ दिसत नाही. "लेग्ज इलेव्हन" म्हटलं की सगळा मांडव शिट्ट्या मारतो. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवायचो तेव्हा मुलांकडूनच मराठी पुकारे बनवून घेतले होते. ८ अष्टविनायक, १२ बाराखडी, २१ मोदक, २७ नक्षत्रं, ५२ पत्ते, ५६ भोग. ३५ ला "काठावर पास". ३६ ला एकाने फळ्यावर अंक काढूनच दाखवला, ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसलेले, आणि म्हणाला "भांडलेले". मग ६३ आला तेव्हा वर्ग आपण होऊन ओरडला, "बट्टी!"

तुमच्या शब्दांनाही असंच करा. शब्द वाचू नका, कोडं घाला. "दात नाहीत पण घासून घासून झिजतो." मुलं आधी ओळखतील, मग शोधतील. खेळ आपोआप संथ होतो आणि शेजाऱ्याच्या चौकटीत बघून चिंचोका ठेवणारे उघडे पडतात.

---

रविवारची_शाळा

अमेरिकेतून लिहितेय. आमच्या मराठी शाळेत, म्हणजे दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये दोन तास भरते ती, हा खेळ मीही घेते. इथल्या मुलांना बिंगो माहीत असतो तो पाच बाय पाचचा. ७५ आकडे, आणि मधलं घर फुकट. तिथे मी मुलांना स्वतःचं नाव देवनागरीत लिहायला लावते. सुरुवातीलाच एक चिंचोका (आमच्याकडे राजमा) ठेवायला मिळाला की रडवेल्यांनाही धीर येतो.

राजम्यावरून आठवलं, या खेळाला इथे आधी 'बीनो'च म्हणायचे, कारण घरांवर वाल-घेवड्याचे दाणे ठेवत. १९२९ च्या सुमारास एडविन लोव नावाच्या खेळणी विकणाऱ्या माणसाने जॉर्जियातल्या एका जत्रेत तो पाहिला, न्यूयॉर्कला आणला, आणि तिथे कोणीतरी जिंकल्याच्या भरात बीनोऐवजी बिंगो ओरडलं अशी कथा सांगतात. तेव्हा पाटीपेन्सिलताई, तुमचे चिंचोके एकदम मूळ परंपरेतले आहेत.

आमची अडचण वेगळी. 'परिपाठ' म्हणजे काय हे आमच्या मुलांना माहीतच नाही, आणि शाळेत खिचडी मिळते यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्या चौकटीत पिवळी बस असते. एकदा 'खडू' पुकारला आणि एक सात वर्षांचा मुलगा पाच मिनिटं शोधत होता, शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, माझ्याकडे खडू नाहीये, फक्त रवडू आहे."

---

पाटीपेन्सिल

रवडू!! शेजारच्या वर्गातून सर बघायला आले मी का हसतेय ते.

---

चित्रलिपी

विशेष शिक्षक आहे, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहिते.

न वाचणाऱ्या चौघांना वेगळी, सोपी चौकट देऊ नका. सगळ्या वर्गाला कळतं कोणाची कोणती ते. त्याऐवजी सगळ्यांनाच शब्दाशेजारी छोटं चित्र काढायला लावा. घंटा, दप्तर, डस्टर सोपं आहे. हजेरीचं चित्र काय काढायचं यावर वर्गात जी चर्चा होईल ती ऐकण्यासारखी असते (आमच्याकडे एकाने हात वर केलेलं मूल काढलं, एकाने नुसती बरोबरची खूण). आणि चिठ्ठी निघाली की नुसती वाचू नका, सगळ्यांना दिसेल अशी धरा. कमी ऐकू येणारं मूल प्रत्येक वर्गात एखादं असतंच आणि बऱ्याचदा आपल्याला ते उशिरा कळतं. ते मूल खेळात मागे पडतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

जोड्या लावायच्या असतील तर चौथीतला वाचक आणि तिसरीतला चित्रकार. पण चौकट एक, चिंचोके ठेवणार तिसरीवाला.

---

सीमेवरचा_मास्तर

मी जत भागात. आमच्या मराठी शाळेत निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी. मी आकड्यांची हाऊजी खेळतो, आणि त्यातली एक गंमत सांगतो.

नेहमीचं तिकीट तुम्हाला माहीतच आहे: तीन ओळी, नऊ उभे रकाने, १ ते ९० मधले पंधरा आकडे, प्रत्येक ओळीत पाच. मी ओरडलो "बावन्न". घरी मराठी बोलणारी तीन-चार मुलं २५ वर दाणा ठेवून मोकळी. कारण कानाला आधी 'बा' ऐकू येतो, दोन. मग हात आधी २ कडे जातो. कन्नडवाली मुलं या जागी कमी अडखळतात. त्यांच्या भाषेत ५२ म्हणजे 'ऐवत्तेरडु', आधी पन्नास मग दोन. लिहिण्याच्या क्रमानेच बोलतात. पण तीच मुलं 'एकोणसाठ'ला हमखास ६९ वर जातात. साठ ऐकलं की सहाच्या रकान्यात उडी. एकोण म्हणजे एक उणा, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. खरं तर मराठी मुलांनाही कोणी सांगितलेलं नसतं, ती नुसती पाठ म्हणतात.

चाचणी घेतली तर हे कळत नाही हो. चाचणीत मूल चुकतं, आपण लाल रेघ मारतो. हाऊजीत दाणा कुठल्या घरावर गेला ते समोर दिसतं, चूक कुठून आली तेही दिसतं. मी वहीत टिपून ठेवतो: कोण उलट ऐकतो, कोण एकोणला फसतो, कोण ७६ आणि ६७ मध्ये गोंधळतो.

---

गणोबा

सीमेवरचे मास्तर, म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं होतं. मंगला नारळीकरांच्या समितीने नेमकं हेच कारण दिलं होतं: बोलायचा क्रम आणि लिहायचा क्रम एक असावा. जोडाक्षरंही टळतात. केवढा गहजब झाला होता तेव्हा!

---

जुनी_घंटा

गहजब व्हायलाच हवा होता. त्रेसष्ट, चौसष्ट म्हणायला जड जातात म्हणून भाषाच मोडायची? आम्ही पावकी, निमकी, दिडकी पाठ केली. कोणाची जीभ तुटली नाही.

---

उडाणटप्पू_७

आजोबा, तुमचं वय सत्तर पाच की पंच्याहत्तर?

---

जुनी_घंटा

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

---

संपादक

वीस-एकचा वाद २०१९ च्या धाग्यावर ३०० प्रतिसादांपर्यंत गेलेला आहे. तिकडे वर काढावा. इथे हाऊजीवर बोलू या. वैयक्तिक टिप्पणी नको.

---

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, आमच्या इकडं शाळा उशिरा उघडतात, उन्हामुळे. तुमच्याकडं पोरं छत्र्या घेऊन शाळेत जातात तेव्हा आमची सुट्टी संपलेली नसते. पहिल्या दिवशी मी 'माणूस हाऊजी' घेतो. चौकटीत शब्द नाही, माणसं शोधायची. "ज्याच्या घरी म्हैस आहे." "ज्याला पोहता येतं." "जो सायकलनं येतो." "ज्याचं नाव उलटं वाचलं तरी तेच." पोरानं वर्गभर हिंडायचं, तसा माणूस सापडला की त्याच्याकडून घरात सही घ्यायची. एका पोराची सही एकदाच चालते.

पाचवीत आमच्याकडं चार वाड्यांतली पोरं एकत्र येतात. आठवडाभर आपापल्या वाडीचा घोळका करून बसायची. यात बसताच येत नाही. म्हैसवाला शोधायला दुसऱ्या वाडीत जावंच लागतं.

एक सूचना. घरात "ज्याला चष्मा आहे", "जो नापास झाला" असलं काही लिहू नका. एकदा मी "ज्याचे बाबा बाहेरगावी असतात" लिहिलं होतं, आणि एक पोरगी सही द्यायलाच तयार होईना. मग कळलं, बाहेरगावी नव्हते. नव्हतेच. तो रकाना मी तेव्हाच खोडला. आता चौकट आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला देतो.

---

डबा_विसरला

+१. हे शहरातल्या शाळांनीही वाचावं. "कोणाच्या घरी कार आहे" असा रकाना मी स्वतः पाहिलाय.

---

पाटीपेन्सिल

मंडळी, दुसरा शनिवार पार पडला. अहवाल देते.

शब्द वीस केले. मुलांनी वरचे आठ असे सांगितले: पाटी, बाक, शिट्टी, वाचनालय, हातपंप, सहल, चाचणी, राष्ट्रगीत. ("छडी आता नकाशावाली आहे, म्हणून राहू दे" असं ठरलं. घंटासर, माफी.) शब्दाशेजारी चित्र. हजेरीला आमच्याकडे तोंड उघडं असलेलं डोकं काढलं, "हजर बाई" म्हणणारं. मधल्या सुट्टीला जवळजवळ सगळ्यांनी ताटली काढली. बक्षिसं तीन: पहिली ओळ, चार कोपरे, फुल. मुख्याध्यापकांना विचारलं, ते म्हणाले मलाही एक चौकट द्या.

कोडी चौथीच्या दोन मुलींनी घातली. डब्यातून चिठ्ठी काढायची, आपसात कुजबुजायचं, मग कोडं. "पोटात सगळं, पाठीवर घर" म्हणजे दप्तर. "सगळे उभे, कोणी हलत नाही, माशी बसली तरी" म्हणजे राष्ट्रगीत. मला ही दोन सुचली नसती.

आणि सुट्टीवाला. त्याला मी तपासनीस केलं. आधी फळ्यावर नियम लिहायला लावले. त्याने पहिलाच लिहिला: "एक शब्द एकदाच. बाई सांगायच्या विसरल्या तरी." चौकट कोणाचीही असो, फुल म्हटलं की हा फळ्याशी ताडून बघणार. सरांची चौकटही त्याने दोनदा तपासली.

खेळ छान संथ चालला. आठव्या चिठ्ठीला पहिली ओळ गेली, अकराव्याला चार कोपरे. बारावी चिठ्ठी. मुलींचं कोडं: "पांढरा पांढरा, पावडर लावतो सगळ्यांना." वर्ग म्हणाला खडू. आणि हा पठ्ठ्या उठला. "बाई, खडू मघाशी आला. झिजतो म्हणाली तेव्हा." मी म्हटलं, नाही रे. तो म्हणाला, "मी फळ्यावर खूण केलीय." केली होती.

मग त्याने डबा मागितला. डबा बाकावर उलटा केला, चिठ्ठ्या उघडल्या, एकेक फळ्याशी लावत गेला. सगळा वर्ग भोवती. मी आदल्या रात्री दूरदर्शनसमोर बसून चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. खडू दोनदा लिहिला होता. आणि घंटा लिहिलीच नव्हती.

"म्हणजे घंटावाले फुल होणारच नव्हते," तो म्हणाला. ओरडून नाही, माहिती दिल्यासारखा.

घंटा कितींच्या चौकटीत? चौदा जणांच्या. चौदा जण माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, चूक माझी, नवी चिठ्ठी लिहून टाकते आणि पुढे खेळू. टाकली. खेळ सुरू. सोळा शब्द झाले, कोणी फुल नाही. दोघींना फक्त घंटा हवी होती, सरांना फक्त सहल. सतरावी चिठ्ठी काढायला हात डब्यात गेला आणि बाहेर शाळा सुटल्याची खरी घंटा वाजली. पहिलीच्या पोराने वाजवली, त्याची पाळी होती.

दोघीही एकदम: "फुल!"

सर म्हणाले, चिठ्ठी निघाली नाही, धरायचं नाही. मी काही बोलले नाही. सगळे तपासनिसाकडे बघायला लागले. तो फळ्याजवळ गेला, घंटेसमोर खूण केली आणि म्हणाला, "सगळ्यांनी ऐकली ना? मग आली."

---

गणोबा

चौदा जणांना अडवून ठेवणारी चिठ्ठी! ही शक्यता मी हिशेबात धरली नव्हती. बाई चुकण्याची.

---

जुनी_घंटा

निकाल नियमाला धरून नाही. तरी बरोबर आहे.

त्या मुलाला पहिल्या शनिवारची पेन्सिल दिलीत का?

---

पाटीपेन्सिल

दिली, सर. त्याने टोक आहे का बघितलं आणि खिशात घातली. मग माझ्या चिठ्ठ्यांचा डबा मागून घेतला. पुढच्या वेळी चिठ्ठ्या तो लिहिणार म्हणतो.